नववी-दहावीच्या पोरांना नागरिकशास्त्र आपलं वाटावं म्हणून काय करता? (गुहागर तालुका, अनुभव हवेत)

खाडीकाठचा मास्तर · १० जुलै

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात हायस्कूलला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवतो, अकरावं वर्ष चालू आहे. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहितोय, लांबेल जरा.

गेल्या आठवड्यात नववीत सहज विचारलं, ग्रामसभा वर्षातून किती वेळा घ्यावी लागते. दहा हात वर, चार वेळा सर. सचिव कोण, ग्रामसेवक सर. सहावीत शिकलेलं अजून पाठ आहे, मला बरं वाटलं. मग विचारलं, तुमच्यातलं ग्रामपंचायतीच्या आत कोण कोण गेलंय? ३१ पोरांत चार हात. दोघं रहिवासी दाखल्याला बाबांबरोबर गेलेले, एक तिथल्या शिपायाचा मुलगा, एक पोलिओ डोसाला लहान भावाला घेऊन. आणि जिने सगळी उत्तरं बरोबर दिली त्या पोरीचं घर पंचायतीला लागून आहे, पावसात त्यांच्या पागोळ्या पंचायतीच्या अंगणात पडतात, पण ती कधी आत पाऊल टाकून आलेली नाही. मी म्हटलं का गो, तर म्हणाली "कशाला जायचं सर?" उद्धटपणे नाही हो, तिला खरंच कळत नव्हतं कशाला जायचं. मला तिथे उत्तर सुचलं नाही आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

अभ्यासक्रम म्हणाल तर नववीला सगळं जगाचं आहे, परराष्ट्र धोरण, संयुक्त राष्ट्रे वगैरे. दहावीचे धडे मला आवडतात, संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी, लोकशाहीसमोरची आव्हानं, पण ४० मार्कांच्या पेपरात राज्यशास्त्राच्या वाट्याला १२, त्यामुळे पोरं आणि पालक दोघंही त्याला शेवटच्या आठवड्यात बघू म्हणतात. आणि स्थानिक शासन, म्हणजे जे दाराबाहेर दिसतं, ते सहावीतच होऊन गेलेलं असतं, तेव्हा पोरं अकरा वर्षांची.

करून बघितलं नाही असं नाही. वर्गप्रतिनिधीची निवडणूक घेतली, गुप्त मतदान, मतपेटी, सगळं. एकाने चॉकलेटं वाटली आणि वरच्या वाडीच्या पोरांनी वरच्या वाडीला मत दिलं, खालच्यांनी खालच्या. मला रात्रभर वाईट वाटत होतं कारण हे मीच त्यांच्याकडून करून घेतलं. २६ नोव्हेंबरला, संविधान दिनाला, निबंध ठेवतो, २० निबंध एकाच गाइडमधले असतात.

पण हीच पोरं शिमग्याला बघा. पालखी कुठल्या वाटेने जायची, मान कोणाचा, कुठल्या घराची वर्गणी राहिलीय, मुंबई मंडळाने किती पाठवले आणि खर्च किती झाला, तोंडपाठ. दोन दोन तास मुद्द्याला धरून भांडतात. म्हणजे समज नाही असं कोण म्हणेल? तीच समज माझ्या तासाला का येत नाही, हा माझा प्रश्न आहे. निम्मी पोरं म्हणतात सर आम्ही दहावीनंतर मुंबईलाच जाणार, इथलं शिकून काय करू. ज्यांनी काही केलंय त्यांनी सांगा, छोटं असलं तरी चालेल.

---

निवृत्त ग्रामसेवक · १० जुलै

मास्तर, मी ३२ वर्षं हीच नोकरी केली (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय म्हणे), रत्नागिरी जिल्ह्यातच सात गावं फिरलो, त्यामुळे पंचायतीच्या आतल्या बाजूने सांगतो. तुमच्या त्या मुलीचा प्रश्न बरोबर आहे. कशाला जायचं हे तिला कोणी दाखवलंच नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही कोणी यावं असं वातावरण ठेवलं नाही, खुर्च्या दोन आणि त्या दोन्ही टेबलाच्या आतल्या बाजूला.

एक करा. पुस्तक बाजूला ठेवा आणि पोरांना घरून घरपट्टीची पावती आणायला सांगा. नमुना १० म्हणतात त्याला. प्रत्येक घरात असते, कोणाकडे पत्र्याच्या पेटीत, कोणाकडे देव्हाऱ्यामागे. ती पावती नीट वाचायला लावा. नुसती घरपट्टी नसते हो त्यात. दिवाबत्ती कर वेगळा, आरोग्य कर वेगळा, पाणीपट्टी वेगळी, मागील बाकी वेगळी, चालू वेगळी. पोराला समजू दे की आपल्या बापाने गेल्या मार्चमध्ये दिव्यासाठी पैसे भरलेत. मग विचारा, तुमच्या वाटेवर दिवा आहे का? बस्स, पुढचा तास ते स्वतः घेतील.

त्यानंतर नमुना १ मागा, म्हणजे पंचायतीचं अंदाजपत्रक. वित्त आयोगाचा पैसा किती आला ते बघा. १५ व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) पैशात ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा, आणि ४० टक्के अबंधित. हे वाडीतल्या ९० टक्के मोठ्या माणसांनासुद्धा माहीत नसतं म्हणून दरवेळी सभेत उठून म्हणतात पैसे आले ते गेले कुठे, आणि सरपंच म्हणतो आलेच नाहीत, आणि दोघंही अर्धं अर्धं बरोबर असतात. पोरांना हे कळलं तर घरात जाऊन बापाला सांगतील.

ग्रामसभेत १८ च्या खालच्याला मत नाही, सदस्य म्हणजे मतदार यादीत नाव असलेलाच. पण मागे बसून ऐकायला माझ्या नोकरीत मी कोणाला हाकललं नाही. सरपंचांना आधी सांगून न्या म्हणजे कोणाला राग नको. आणि पोरांना एक काम द्या, डोकी मोजायची. गणपूर्तीला गावच्या एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातलं जे कमी ते लागतं. रजिस्टरवर सह्या किती आणि बसलेली माणसं किती हे एकदा पोरांनी मोजलं ना, की पुढच्या सभेला सह्या जपून होतात. हे मी अनुभवाने सांगतोय.

---

किनाऱ्यावरची · ११ जुलै

मी मालवण भागातली, घरात मासेमारी, मुलगी आता दहावीला. मास्तरांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

पोरांना यात रस नाही असं मला वाटत नाही, पोरं घाबरतात. आमच्याकडे जेवताना सगळं तेच चालतं, बंदी १ जून ते ३१ जुलै, कोण बंदीतही गेला, एलईडीवाले (दिवे लावून मासे पकडणाऱ्या बोटी) किती आत आले, पर्ससीनला (मोठ्या घेरजाळ्याला) कुठपर्यंत परवानगी, २०१६ च्या फेब्रुवारीत सरकारने निर्बंध घातले ते पाळले जातात का नाही. पोरगी सगळं ऐकते. एक दिवस तिने विचारलं की बाबा हा नियम कुठल्या कायद्यात आहे, तर तिचे आजोबा म्हणाले "गप रव, तुका काय करूचा आसा?" प्रेमानेच म्हणाले, पण ती गप्प झाली. पोरं गप्प कशी होतात ते असं असतं. शाळेत मास्तर म्हणतात प्रश्न विचारा, घरी सगळे म्हणतात नको.

मग मीच तिला घेऊन बसले, मोबाईलवर १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा मराठीत शोधला, मला स्वतःला दोन ओळी वाचून कंटाळा आला पण ती वाचत राहिली. तिने वहीत लिहिलं, तक्रार कोणाकडे करायची, परवाना कोण देतो, दंड कोण करतो. तीन वेगवेगळे रंग वापरून. ती वही आता तिच्या बाबांच्या पिशवीत असते आणि सोसायटीच्या मीटिंगला जाते. मला वाटतं नागरिकशास्त्र ते हेच.

रापणीचं (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं) पण घ्या ना वर्गात, तुमच्या बाजूला असेल तर. रापण ओढायला वीस-पंचवीस घरची माणसं, मासळीचा वाटा कसा पडतो, म्हाताऱ्याला किती, विधवा बाईच्या घरचा वाटा चालू राहतो का, हे सगळं ठरलेलं असतं आणि कोणी लिहिलेलं नसतं. पोरांना विचारा हे नियम कोणी केले, बदलायचे असतील तर कसे बदलणार. लिहिलेल्या आणि न लिहिलेल्या नियमात फरक काय हे पोरांना तिथे पटकन कळेल.

आणि दुसरं, गावकी, म्हणजे गावकऱ्यांची परंपरागत बैठक. गावकीत बायका बसतात का तुमच्याकडे? आमच्याकडे अजून नाही, मागे चहा देतात. पण ग्रामपंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या, आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असा कायदाच आहे. माझ्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली मग आई तू का जात नाहीस. गेले मी त्या वर्षी पहिल्यांदा. बोलले नाही काही, पण गेले. तुमच्या वर्गातल्या मुलींसमोर हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवा मास्तर, गावकी आणि ग्रामसभा, आणि काही बोलू नका, त्यांनाच बोलू दे.

एक मात्र सांगते, अर्ज वगैरे काही करणार असाल तर एकट्या पोराचं नाव पुढे करू नका. वर्गाच्या नावाने, शाळेच्या शिक्क्याने, तुमच्या सहीने. गाव लहान असतं, लोक पोरावर राग काढत नाहीत पण बापाचं काम अडवतात.

---

लांजेकर सर · ११ जुलै

मी पण याच विषयाचा शिक्षक, लांजा तालुका. मास्तरांची तळमळ समजते पण थोडं जमिनीवरचं बोलतो. आठवड्याला तास मोजके, त्यात पोषण आहार, ऑनलाइन माहिती, शिष्यवृत्तीचे फॉर्म. क्षेत्रभेट म्हटली की मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, पावसात पऱ्या (ओढा) भरला तर कोण जबाबदार. त्यामुळे जे काय करायचं ते वर्गात बसून होईल असं शोधलं तरच टिकतं, नाहीतर एक वर्ष उत्साहात होतं आणि बंद पडतं, माझं स्वतःचं तसंच झालं होतं.

मग माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे एक गोष्ट फुकट आहे. आपलीच शाळा मतदान केंद्र आहे आणि आपणच केंद्राध्यक्ष म्हणून जातो, काहीजण बीएलओ (मतदार यादीचं काम करणारे) आहेत. हे पोरांना कधी सांगतो आपण? निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी शाळेत येतो, जागरणाने डोळे लाल, आणि सरळ धडा दुसरा काढा म्हणतो.

मी लोकसभेनंतर दहावीला दोन तास फक्त तेच सांगितलं, केंद्रावर रात्री कसे झोपलो इथपासून. सकाळी मतदान सुरू व्हायच्या ९० मिनिटं आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचा मॉक पोल घेतात, मोजून दाखवतात, मग मशीन क्लिअर करून सील करतात. व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कोणाला गेलं ते दाखवणारी, चिठ्ठी ७ सेकंद दिसते. संध्याकाळी १७-सी नमुन्यावर एकूण मतं लिहून त्याची प्रत प्रत्येक प्रतिनिधीला द्यायची म्हणजे मोजणीच्या दिवशी आकडा जुळवता येतो. एक मुलगा जो कायम शेवटच्या बाकावर खिडकीतून बाहेर बघत असतो तो उठून म्हणाला, "सर, म्हणजे आमच्या ह्याच खोलीत? ह्याच बाकावर बसून?" हो रे बाबा, तुझ्या बाकावर शाईची बाटली ठेवली होती. तो बाक त्याने नंतर हात फिरवून बघितला. तुम्हाला सांगतो मला त्या दिवशी खूप बरं वाटलं.

व्हॉट्सॲपवर पोरांनी मशीनबद्दल काय काय वाचलेलं असतं, ते सगळं बाहेर आलं. मी कोणाला गप्प केलं नाही. जे मी डोळ्यांनी बघितलं ते सांगितलं आणि जे माझ्या हातात नसतं, म्हणजे मशीन पुढे स्ट्राँगरूमला जातं तिथलं, ते मी बघितलेलं नाही असंही सांगितलं. पोरांचा विश्वास त्यामुळेच बसला असं मला वाटतं.

अजून एक, मोठ्यांचाही घोळ असतो, ग्रामपंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, दिल्लीचा नाही. तिथे पक्षाचं चिन्ह नसतं आणि एका मतदाराला प्रभागात जितक्या जागा तितकी मतं देता येतात. मास्तर तुमची ती चॉकलेटवाली निवडणूक वाया गेली असं मला वाटत नाही. त्याच मतांचा निकाल वाडीवार फळ्यावर मांडा आणि विचारा, हे असंच का झालं. त्यांना कारण माहीत आहे, फक्त कोणी मोठ्याने बोलायला सांगितलेलं नाही.

---

डोंबिवली-मंडणगड · १२ जुलै

मी शिक्षक नाही, विद्यार्थी होतो. मंडणगडकडचा, आता डोंबिवलीला असतो, वय २४. आम्हाला नागरिकशास्त्र शिकवणारे जे गुरुजी होते त्यांच्यामुळे लिहितोय.

आमच्या वाडीला शाळेत जायला पऱ्या ओलांडावा लागायचा, त्यावर साकव होता, माडाचे दोन ओंडके आणि वर फळ्या. नववीत असताना जुलैत फळ्या वाहून गेल्या आणि आम्ही सात पोरं नऊ दिवस शाळेत गेलो नाही. दहाव्या दिवशी गेलो तर गुरुजी गैरहजेरीचं कारण लिहून द्या म्हणाले. लिहिलं. मग म्हणाले आता हेच परत लिहा, पण माझ्या नावाने नको, ज्याच्याकडे साकव दुरुस्तीचं काम आहे त्याच्या नावाने. आणि ते कोण हे शोधायला आम्हालाच लावलं. तिथेच आठवडा गेला, कोणी म्हणे पंचायत, कोणी म्हणे झेडपीचं बांधकाम.

शेवटी कळलं आणि गुरुजी आम्हाला घेऊन गेले त्या ऑफिसात. साहेब नाहीत. दुसऱ्यांदा गेलो, ठेवून जा म्हणाले. गुरुजी म्हणाले पोच द्या. नाही म्हणाले, शिक्का कपाटात आहे. आम्ही परत आलो, अर्ज पण परत घेऊन आलो कारण गुरुजींनी सांगितलं पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजायचं. तिसऱ्यांदा तसंच. चौथ्या वेळी तिथल्या एका बाईंनी काही न बोलता दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, आवक नंबर टाकला, तारीख टाकली, सही केली. जांभळी शाई होती, थोडी पुसट. आम्ही सातही जण तो कागद हातात घेऊन बघत होतो. त्याचा फोटो माझ्याकडे अजून आहे.

साकव पुढे दोन वर्षांनी पक्का झाला, तोवर मी अकरावीला बाहेर गेलो होतो. आमच्या अर्जामुळेच झाला असं मी म्हणणार नाही, वाडीतल्या लोकांनी पण बरेच हेलपाटे घातले. पण मी मुंबईला आल्यावर इथल्या वॉर्ड ऑफिसात गटाराच्या तक्रारीला गेलो तेव्हा पहिलं वाक्य तोंडातून आलं ते "पोच द्या". सोसायटीतले काका बघत राहिले. त्यामुळे मास्तर, जी पोरं म्हणतात आम्ही मुंबईलाच जाणार त्यांना सांगा, तिथे पण हेच लागतं, उलट जास्त लागतं, कारण तिथे ओळखीचं कोणी नसतं.

आणि मतदार नोंदणीचं आत्ताच सांगून ठेवा. १७ पूर्ण झालं की फॉर्म ६ आगाऊ भरता येतो. आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, त्या तारखेला १८ पूर्ण झाले की नाव लागतं. नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, गावाला किंवा मुंबईला, दोन्हीकडे नाही. आमच्यातल्या निम्म्या चाकरमान्यांना हे माहीत नव्हतं.

---

एक पालक · १२ जुलै

सगळं ठीक आहे पण पोरांना राजकारणात ओढू नका एवढी विनंती. गावात आधीच दोन गट आहेत, सरपंच एका बाजूचा. पोरं अर्ज घेऊन गेली की लोक म्हणणार मास्तर अमक्या गटाचा. आमची पोरं दहावीला आहेत, त्यांचं वर्ष महत्त्वाचं.

---

निवृत्त ग्रामसेवक · १२ जुलै

तुमची काळजी खरी आहे दादा, मी दोन गटांच्या मध्ये बसून ३२ वर्षं इतिवृत्त लिहिलंय. म्हणूनच म्हणतो पावतीपासून सुरू करा. पावती कुठल्या गटाची नसते. दिवाबत्ती कर दोन्ही गट भरतात. आणि विषय असा घ्या की जो एका वाडीचा नाही, सगळ्या गावाचा आहे. आधी सरपंचांना आणि विरोधी सदस्यांना, दोघांनाही, एकाच दिवशी भेटून सांगा.

---

अलिबागची वाचक · १४ जुलै

थोडंसं माझं. तुम्ही इतिहास पण शिकवता ना सर, मग दोन्ही विषय एकत्रच येतात की आपल्याकडे. आमच्या अलिबागजवळ चरी गावच्या कुळांनी १९३३ पासून खोताची (सारा वसूल करणाऱ्या गावच्या जमीनदाराची) जमीन कसायचीच नाही असं ठरवलं आणि तो संप १९३९ पर्यंत चालला, नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. माझ्या सासूबाईंच्या माहेरी सांगायचे की त्या वर्षांत लोकांनी लाकूडफाटा विकून आणि करवंदं विकून दिवस काढले. त्याच काळात, १९३७ ला, डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, आणि त्यांचं मूळ गाव आंबडवे वरच्या दादांच्या मंडणगडातच. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने.

म्हणजे शेतातला संप आणि सभागृहातलं विधेयक दोन्ही लागलं. दहावीच्या चळवळींच्या धड्याला यापेक्षा जवळचं उदाहरण कुठलं देणार? महाडचं चवदार तळं आहे, १९२७. उरणकडे चिरनेरचा जंगल सत्याग्रह आहे, १९३०. ही गावं पोरांनी एसटीच्या पाटीवर वाचलेली असतात. पोरांना घरी आजी-आजोबांना विचारायला सांगा, आपण कूळ होतो का, खोताला काय द्यावं लागायचं. फक्त वर्गात खोताच्या घरातलंही पोर बसलेलं असेल हे लक्षात ठेवा, त्याला कानकोंडं होऊ देऊ नका.

---

खाडीकाठचा मास्तर · १९ ऑगस्ट

मंडळी, महिना झाला, उशिरा लिहितोय, माफ करा. करून बघितलं म्हणून सांगायला आलो.

पावत्या आणायला सांगितल्या. पहिल्या दिवशी पाचच आल्या, एकाने लाइटबिल आणलं. चौथ्या दिवसापर्यंत २६ झाल्या. एक पावती इतकी भिजलेली की शाई पसरून निळा डाग झालेला, ती पोराने वहीत दाबून वाळवून आणली होती. फळ्यावर रकाने केले, घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणी, आणि एकेकाने येऊन आपला आकडा लिहायचा. मी मागे जाऊन बसलो. सहा-सात आकडे झाल्यावर तीच मुलगी, पंचायतीच्या शेजारची, म्हणाली, "सर, आमच्या पाखाडीला (पायवाटेला) दिवा नाहीये. पण ५० रुपये आहेत." मग दुसरा उठला, आमच्याकडे दिवा आहे पण दोन वर्षं लागत नाही. मग कोणीतरी म्हणालं थांबा, खांब मोजूया. शनिवारी शाळा सुटल्यावर पोरांनी पाचही वाड्यांतले खांब मोजले, मला न विचारता. ४७ खांब, त्यातले १९ पेटत नाहीत, आणि दोन पाखाड्यांवर खांबच नाही. नकाशा केला, हाताने काढलेला, खाडी निळी रंगवलीय, पेटणारे दिवे पिवळे आणि बंद काळे. वरच्या वाडीची आणि खालच्या वाडीची पोरं एका कागदावर वाकून होती, निवडणुकीनंतर हे मी पहिल्यांदा बघितलं.

सरपंचांना आणि दुसऱ्या बाजूच्या सदस्यांनाही एकाच दिवशी भेटलो, इथे वर निवृत्त ग्रामसेवक काकांनी सांगितलं म्हणून. दोघंही आधी जरा गप्प झाले, मग म्हणाले द्या अर्ज. अर्ज वर्गाच्या नावाने, सही माझी आणि मुख्याध्यापकांची. किनाऱ्यावरच्या ताईंचं ऐकलं.

अर्ज द्यायला चार पोरं गेली, त्यात ती मुलगी. मी बाहेर व्हरांड्यात थांबलो मुद्दाम. आतल्या कारकुनांनी विचारलं "कोणाची गो तू?" तिने बापाचं नाव सांगितलं, मग म्हणाली, काका, पोच द्या. डोंबिवलीच्या दादांचं मी वर्गात वाचून दाखवलं होतं. शिक्का मारलेली प्रत तिने दोन्ही कोपऱ्यांना धरून बाहेर आणली, शाई ओली होती म्हणून फुंकर मारत. मला म्हणाली, "सर, आता ते असं नाही ना म्हणू शकत, की मिळालंच नाही?" मी म्हटलं नाही म्हणू शकत. एवढंच बोलता आलं मला.

१५ ऑगस्टला ध्वजवंदनानंतर ग्रामसभा होती. नऊ पोरं मागे बसली. गावात मतदार १,४०० च्या आसपास, म्हणजे १०० लागणार. पोरांनी डोकी मोजली, ६३. पाच मिनिटांनी परत मोजली, ६४, एक आजी आली होती. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब केली, पुढची तारीख गणपतीनंतरची लावलीय. पोरं हिरमुसली. घरी जाताना एक मुलगा म्हणाला, सर माझे आई-बाबा दोघंही घरीच होते. दुसरा म्हणाला माझे पण. मग रस्त्यातच त्यांनी हिशोब केला की वर्गातल्या सगळ्यांच्या घरची दोन दोन माणसं आली असती तरी १०० च्या वर गेलं असतं. आता ते घरोघरी सांगणार म्हणतात, आणि तोवर चाकरमानी पण आलेले असतील पण त्यातल्या किती जणांचं नाव इथल्या यादीत आहे हे बघायला लागेल, ते काम दोघांनी घेतलंय.

पालक दादांनी जे लिहिलं होतं ते लक्षात आहे. एका घरून फोन आला, पोराला यातून काढा म्हणून. काढलं, वाद घातला नाही. तो मुलगा नकाशा रंगवायला मात्र येतो.

निवृत्त ग्रामसेवक काका, तुम्हाला एक विचारायचं होतं. तहकूब सभेला परत १०० लागतात का? पोरं रोज विचारतायत आणि मला खात्रीने सांगता येत नाहीये.

---

निवृत्त ग्रामसेवक · १९ ऑगस्ट

वाचून फार आनंद झाला मास्तर, घरात मोठ्याने वाचून दाखवलं. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, जेवढी येतील तेवढ्यात चालते. पण तिथे आधीच्या नोटिशीवरचेच विषय घेतात, नवीन घेता येत नाहीत. त्यामुळे तुमचा दिवाबत्तीचा विषय १५ तारखेच्या नोटिशीवर होता का ते आधी बघा. नोटीस पंचायतीच्या फलकावर लागलेली असेल अजून.

---

खाडीकाठचा मास्तर · २० ऑगस्ट

आज सकाळी शाळेत यायच्या आधी ती मुलगीच नोटीस बघून आली. आहे. विषय क्रमांक ६.